एका कानात गुरुजी, दुसऱ्या कानात ताटांचा खणखणाट

मुंजीचा व्हिडिओ पोचवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या आजोबांचा नौपाड्यातून फोन. "अगं, डाव्या कानात गुरुजी मंत्र म्हणतायत आणि उजव्या कानात कुणीतरी पंगतीची ताटं मांडतंय. असंच असतं का हल्ली?"

असंच नसतं. घाईत मी कॅमेऱ्याच्या माइकचं चॅनेल, म्हणजे आवाजाची ती एक बाजू, बंद करायला विसरले होते. ठाणे आणि नवी मुंबईत मुंजी, साखरपुडे, अरंगेत्रम, सोसायटीच्या सभा, हौशी एकांकिका असं मिळेल ते मी शूट करते आणि एडिटही करते. दर सीझनला हा एकच दोष नवनवीन रूपात पुढ्यात येतो. ओळखीतली पोरंही याच प्रश्नासाठी फोन करतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं नेमकं कुठलं ते आधी बघा. वरवर सारखी वाटली तरी उपाय वेगळे आहेत.

– बोलणाऱ्याचा आवाज एकाच कानात येतो, दुसऱ्या कानात शांतता किंवा बारीक खरखर.
– एका कानात कॉलर माइक, दुसऱ्यात अख्खा हॉल: पंखे, पोरं, केटररची माणसं.
– दोन्ही कानांत एकच आवाज, पण एकीकडे बराच बारीक.
– ट्रॅकवरचं म्यूट दाबलं की हवा तो आणि नको तो, दोन्ही आवाज जातात.
– नको तो आवाज गेला, पण हवा तो आता एकाच कानात उरला.
– माणूस रांजणात तोंड घालून बोलतोय असं वाटतं.
– हेडफोनवर बरं ऐकू येतं, मोबाइलच्या स्पीकरवर मात्र माणूस गायब आणि मागचा गोंगाट तेवढा शिल्लक.

शेवटचं लक्षण सगळ्यात फसवं. आपण हेडफोन लावून एडिट करतो, पाव्हणे मोबाइल हातात धरून बघतात, आणि आपल्याला ते म्हणतायत काय तेच कळत नाही.

आधी कान तपासा

फुकटची तपासणी, दोन मिनिटांची. दोन्ही कानांचे वायरवाले हेडफोन लावा आणि डावा-उजवा बरोबर घातलाय ना ते बघा. हसू नका. ठाणे-वाशी लोकलमध्ये एकाच कानात बड घालून मी अख्खं व्याख्यान तपासलं होतं. दुसरा कान कोपरखैरणे आलं का ते ऐकायला मोकळा ठेवला होता. त्या दुसऱ्या कानातच सगळा घोळ होता.

मग कॉम्प्युटरची सेटिंग बघा. विंडोज, मॅक, अँड्रॉइड, आयफोन या सगळ्यांत ऍक्सेसिबिलिटीच्या यादीत 'मोनो ऑडिओ' नावाची सोय असते. ती एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे आणि फार चांगली आहे. पण ती चालू असली की मशीन दोन्ही बाजू एकत्र करून दोन्ही कानांत पाठवतं, म्हणजे तुमच्या फाइलमधला दोष तुम्हाला कधीच ऐकू येणार नाही. घरातला कॉम्प्युटर चार जण वापरत असतील तर ही सेटिंग कुणी बदलून ठेवली असेल ते सांगता येत नाही. त्याच यादीच्या आसपास डाव्या-उजव्या बाजूचा बॅलन्स असतो, तो मध्यावर आहे ना बघा.

मूळ फाइल ऐका, एकेक बाजू

अजून एडिटिंग सॉफ्टवेअर उघडू नका. कार्डावरची मूळ फाइल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावा. वर 'ऑडिओ'च्या यादीत 'स्टिरिओ मोड' आहे. त्यात आधी 'लेफ्ट' निवडून अर्धा मिनिट ऐका, मग 'राइट', मग 'मोनो'. कागदावर लिहून ठेवा: डावं म्हणजे गुरुजी, उजवं म्हणजे हॉल. मी हे खरोखर कागदावर लिहिते, कारण तासाभराने टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, तीन कॅमेऱ्यांच्या क्लिपा पडल्या की डोक्यातलं काही उरत नाही.

या एका तपासणीने अर्धा प्रश्न सुटतो. मूळ फाइलमध्येच दोन बाजूंना दोन वेगळे आवाज असतील तर रेकॉर्डिंग तसंच झालंय, आणि ही चांगली बातमी आहे: नको तो वेगळा आहे, काढता येईल. मूळ फाइल ठीक आणि टाइमलाइनवर घोळ, तर चूक आपल्या हातची. आणि दोन्ही बाजूंना एकच खिचडी असेल, गुरुजी आणि ताटं दोन्हीकडे सारखीच, तर पुढचं वाचण्यात फार अर्थ नाही. थेट शेवटच्या भागात जा.

तिथेच 'ऑडिओ ट्रॅक'च्या यादीत एकाहून जास्त नावं दिसतात का तेही पाहा. ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरने रेकॉर्ड केलेल्या ऑनलाइन वर्गांत हे नेहमी निघतं. त्यात ६ पर्यंत ट्रॅक वेगळे ठेवता येतात, पण बहुतेक प्लेअर पहिलाच वाजवतात. मग "बाईंचा आवाज रेकॉर्डच झाला नाही" अशी रडारड होते आणि बाई दुसऱ्या ट्रॅकवर सुखरूप असतात.

ट्रॅक आणि चॅनेल

इथे जरा थांबते, कारण मला येणाऱ्या फोनांपैकी बरेचसे या एका गोंधळातून येतात.

ट्रॅक म्हणजे डबा, चॅनेल म्हणजे त्यातले कप्पे. स्टिरिओ क्लिपच्या डब्यात दोन कप्पे असतात, डावा आणि उजवा. टाइमलाइनवर ट्रॅकच्या डोक्यावर जे 'एम' लिहिलेलं बटण दिसतं ते अख्ख्या डब्याला झाकण लावतं. शेजारचं 'एस' म्हणजे सोलो, ते हा डबा सोडून बाकी सगळ्यांना झाकण लावतं. पण एकाच डब्यातली आमटी ठेवून भाजी काढायची, हे यातलं कुठलंच बटण करत नाही. त्यासाठी क्लिपच्या आत शिरावं लागतं.

गोंधळ होतो याला कारण आहे. कॉलर माइकचा रिसीव्हर आणि कॅमेऱ्यातला माइक ही आपल्या डोक्यात दोन वेगळी यंत्रं असतात, म्हणून आपण दोन ट्रॅक शोधतो. काही कॅमेरे मात्र त्यांना एकाच फाइलच्या दोन बाजूंवर टाकून मोकळे होतात. दोन कॉलर माइकवाल्या वायरलेस संचांचंही तेच. त्यात 'स्प्लिट' किंवा 'स्टिरिओ' मोड असला की पहिला माइक डावीकडे, दुसरा उजवीकडे. 'मर्ज' किंवा 'मोनो' असला की दोन्ही मिसळून दोन्हीकडे. काही संचांत तिसरा प्रकार असतो, सेफ्टी ट्रॅक. तोच आवाज दुसऱ्या बाजूला मुद्दाम काही डेसिबल कमी ठेवून नोंदला जातो. एकीकडे बारीक आवाज हे लक्षण बहुधा त्याचंच, आणि तो दोष नाही. नवरदेवाचा मित्र माइकमध्ये किंचाळला आणि मुख्य बाजू फाटली, तर त्या दोन सेकंदांपुरती सेफ्टीची बाजू वापरता येते. म्हणून ती बंद करा, पण पुसून टाकू नका.

बॅलन्सची गोल खुंटी फिरवली आहे का?

नको तो आवाज उजवीकडे आहे, म्हणून लोक बॅलन्स पूर्ण डावीकडे फिरवतात. ताटं गेली, समाधान झालं. पण स्टिरिओ ट्रॅकवर ही खुंटी उजवा कप्पा फक्त बारीक करते. डाव्या कप्प्यातलं काही उचलून उजवीकडे आणत नाही. निकाल असा की गुरुजी डाव्या कानात आणि उजव्या कानात स्मशानशांतता. आजोबांचा फोन पुन्हा येणारच.

चॅनेल बंद करणं हे निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे राहिलेला आवाज दोन्ही बाजूंना भरणं. खुंटी फिरवलेली असेल तर आधी मध्यावर आणा, नाहीतर पुढचे उपाय करूनही एक कान मुकाच राहील आणि सॉफ्टवेअर बिघडलंय असं वाटून तुम्ही ते काढून पुन्हा टाकत बसाल. मी एकदा बसले आहे.

आता खरं काम: क्लिपच्या आतलं चॅनेल

प्रीमिअर प्रो हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर सगळ्यात झटपट मार्ग इफेक्टचा. ऑडिओ इफेक्टमध्ये 'फिल लेफ्ट विथ राइट' आणि 'फिल राइट विथ लेफ्ट' असे दोन आहेत. नावांनी माणूस गडबडतो, म्हणून असं लक्षात ठेवा: 'विथ'च्या पुढे ज्याचं नाव, तो वाचतो. गुरुजी डावीकडे असतील तर 'फिल राइट विथ लेफ्ट'. डावं उजवीकडे उतरवलं जातं, उजवीकडची ताटं जातात, दोन्ही कान भरतात. नुसतं 'म्यूट' नावाचा इफेक्टही आहे, त्यात डावी-उजवी बाजू वेगळी बंद करता येते, पण तो भरण्याचं काम करत नाही.

क्लिपा शंभर असतील तर इफेक्ट चिकटवत बसू नका. प्रोजेक्टच्या खिडकीत सगळ्या क्लिपा निवडा, राइट क्लिक, 'मॉडिफाय', मग 'ऑडिओ चॅनल्स'. तिथे प्रकार 'मोनो' करून ऑडिओ क्लिपांची संख्या २ ठेवली की टाइमलाइनवर टाकताना डावी आणि उजवी बाजू दोन वेगळ्या ट्रॅकवर उतरते. आता प्रत्येकीला स्वतःचं 'एम' मिळालं. म्हणजे डबेच वेगळे केले. मला हीच पद्धत आवडते, कारण ताटांचा आवाज नको असला तरी मंगलाष्टकांनंतरच्या टाळ्या हॉलच्या माइकवरच छान येतात. तेवढ्यापुरतं त्या ट्रॅकचं तोंड उघडता येतं.

मेख एवढीच की हे टाइमलाइनवर टाकण्याआधी करायचं. आधीच टाकलेल्या क्लिपांची संख्या नंतर बदलत नाही, आणि "सेटिंग केलं तरी काही होत नाही" ही तक्रार तिथूनच येते.

डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही हे सगळं होतं. क्लिपवर राइट क्लिक, 'क्लिप ऍट्रिब्यूट्स', त्यात ऑडिओचा भाग. डाव्या आणि उजव्या बाजूसमोर मूळ फाइलमधलं कुठलं चॅनेल जोडायचं त्याची यादी उघडते. दोन्हींसमोर 'एम्बेडेड चॅनेल १' निवडलं की काम फत्ते. त्याच यादीत 'म्यूट'ही आहे. क्लिप टाइमलाइनवर गेली असेल तर मीडिया पूलमध्ये (क्लिपांच्या मूळ साठ्यात) नाही, टाइमलाइनवरच्या क्लिपवर राइट क्लिक करा.

शॉटकटमध्ये 'कॉपी चॅनेल' नावाचा फिल्टर आहे, डावीकडून उजवीकडे की उलट एवढंच तो विचारतो.

तुमच्या ऍपमध्ये यातलं काहीच सापडत नसेल तर भांडत बसू नका, ऑडॅसिटी घ्या. फुकट आहे. व्हिडिओ फाइलमधला आवाज त्यात उघडायला एफएफएमपेग ही जोडलायब्ररी एकदा टाकावी लागते. ट्रॅकच्या नावावर क्लिक करून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' निवडा. शेजारीच 'स्प्लिट स्टिरिओ ट्रॅक' असतं, ते नको. त्यात तुकडे वेगळे होतात पण डावीकडे-उजवीकडेच टांगलेले राहतात. नको तो तुकडा म्यूट करा आणि ४८,००० हर्ट्झवर वेव्ह फाइल काढा. सुरुवातीची शांतता कापू नका, नाहीतर व्हिडिओखाली ठेवताना ओठ आणि शब्द जुळवत रात्र जाईल.

'मोनो करून टाक' हा सल्ला

हा सल्ला कुणीही देतं. एक बाजू खरोखर रिकामी असेल तर चालतो. मोनो करताना दोन्ही बाजूंची सरासरी काढली जाते, त्यामुळे आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, तो वाढवून घ्यायचा. पण दोन बाजूंना दोन माइक असतील तर मोनो म्हणजे दोन्ही मिसळणं. ताटं कुठेच जात नाहीत, आता दोन्ही कानांत वाजतात.

शिवाय तो रांजणाचा आवाज येतो. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. कॉलर माइक गुरुजींच्या छातीवर, कॅमेरा १० मीटर मागे, म्हणजे तोच मंत्र कॅमेऱ्यापर्यंत सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. प्रतिध्वनी म्हणून वेगळा ऐकू येण्याइतका हा उशीर मोठा नाही, पण दोन लाटा एकमेकींवर पडून काही स्वर एकमेकांना खातात आणि काही फुगतात. रांजण लक्षण असेल तर आधी बघा, कुठे दोन्ही माइक एकाच वेळी उघडे तर नाहीत ना. एक बंद करा, रांजण फुटतो.

हेडफोनवर आहे, मोबाइलवर नाही

वाशीतल्या एका हॉलमधल्या भजनाच्या कार्यक्रमात साउंडवाल्या दादांनी मिक्सरमधून लाइन दिली. एक्सएलआरची (मिक्सर-माइकची तीन पिनांची) जाड वायर, पुढे ३.५ मिलिमीटरची पिन लावलेली, थेट कॅमेऱ्यात. कॅमेऱ्यावर दोन्ही मीटर नाचत होते. घरी हेडफोनवर आवाज जरा विचित्र, कुठून येतोय कळेना असा, पण होता. मोबाइलवर लावला आणि बुवा गायब.

एक्सएलआरमध्ये एकच आवाज दोन तारांवर जातो, दुसऱ्या तारेवर उलटा करून. वाटेत शिरलेली घरघर कापून टाकायची ती युक्ती आहे. कॅमेऱ्याच्या स्टिरिओ जॅकला हे माहीत नसतं. तो सरळ तार डावी समजतो आणि उलटी तार उजवी. हेडफोनवर दोन कान दोन वेगळ्या गोष्टी ऐकतात, म्हणून आवाज येतो. एकच स्पीकर असलेला मोबाइल दोन्हींची बेरीज करतो, आणि अधिक पाच उणे पाच म्हणजे शून्य.

व्हीएलसीत 'मोनो' निवडल्यावर माणूस नाहीसा झाला की निदान पक्कं. उपाय मात्र या पोस्टमधला सगळ्यात सोपा: कुठलंही एक चॅनेल बंद करा, दुसरं दोन्हीकडे भरा. बुवा परत येतात. इक्वलायझर, आवाज वाढवणं, नॉइज काढणं यातल्या कशानेही ते येणार नाहीत.

एक्स्पोर्ट झालेली फाइल

टाइमलाइनवर छान, पण बाहेर पडलेली फाइल बिघडलेली, असं असेल तर एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये चॅनेल 'स्टिरिओ' आहे ना बघा. चुकून ५.१ राहिलं असेल तर मोबाइल सहा चॅनेलांची आपल्या मर्जीने मोट बांधतो. त्यानंतर फाइल पुन्हा व्हीएलसीत: डावं, उजवं, मोनो. शेवटी साध्या मोबाइलच्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात, कुकर चालू असताना. घरोघरी तो व्हिडिओ असाच ऐकला जाणार आहे.

दर वेळी तीच बाजू मेलेली असेल तर

आता खिशाला हात घालायची वेळ येऊ शकते, पण लगेच नाही. आधी रिसीव्हरचा मोड. मग वायर बदला, शेजाऱ्याची आणा. मायक्रोफोनच्या पिनेवर दोन काळ्या रेघा की तीन, ते मोजा. तीन रेघांची पिन मोबाइलसाठी, दोन रेघांची कॅमेऱ्यासाठी. उलटसुलट झालं की आवाज जातो किंवा एका बाजूला पडतो. मग पिन जॅकमध्ये खटकन बसेपर्यंत आत गेली आहे ना ते बघा. मग दुसरा माइक. एका वेळी एकच वस्तू बदला, नाहीतर बरं झालं तरी कशाने ते कळत नाही.

खाडीच्या दमट हवेत जून ते सप्टेंबर पिना काळ्या पडतात, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. कोरड्या सुती कापडाने पुसा. जॅकमध्ये टाचणी घालून खरवडू नका.

कुठे थांबायचं

दोन वायरी आणि दोन माइक बदलूनही कॅमेऱ्याची तीच बाजू मुकी राहिली तर जॅकचा सांधा आत सुटलाय. कॅमेरा स्वतः उघडू नका. वॉरंटी असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या, नसेल तर कॅमेराच दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे. लॅमिंग्टन रोडला चौकशी केली की असा माणूस सापडतो. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नको.

आवाज दोन्ही बाजूंनी फाटला असेल, म्हणजे वेव्हफॉर्मची (आवाजाच्या आलेखाची) टोकं सपाट कापल्यासारखी दिसत असतील, किंवा गुरुजी आणि ताटं रेकॉर्डिंगमध्येच मिसळली असतील, तर चॅनेल बंद करून काहीही साधणार नाही. आवाज वेगळा करणारी साधनं आता सॉफ्टवेअरमध्ये आली आहेत, रिझॉल्व्हच्या सशुल्क आवृत्तीत 'व्हॉइस आयसोलेशन' आहे. बोलण्यावर ते बरं चालतं. मंत्र, तंबोरा, टाळ यांवर मी तासाभराच्या वर वेळ घालवत नाही. त्यापुढे साउंड इंजिनिअरला गाठते आणि ग्राहकाला खर्च आधी सांगते.

सोसायटीच्या सभेचं रेकॉर्डिंग असेल आणि सभासदांत वाद पेटलेला असेल तर मूळ फाइलला हातच लावू नका. 'जरा आवाज साफ करून द्या' म्हणणारे सेक्रेटरी उद्या 'आवाज कुणी काढला' हेही विचारतात. मूळ कार्ड जसंच्या तसं ठेवा, साफ केलेली प्रत वेगळ्या नावाने द्या, आणि प्रकरण निबंधकांपर्यंत जाणार असं दिसलं तर आधी वकिलांना विचारायला सांगा.

कुठल्याही प्रकारात, समोरच्याने आपल्या मोबाइलवर ऐकून "हो, आलं" म्हणेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही.